लपण्याचे नियम सांगणारे वैजनाथ सर

गिऱ्हाइकाला खोकल्याची बाटली देत होते, तेवढ्यात इक्बालभाईंचा फोन आला. "शैलाताई, सर गेले." कोणते सर, हे विचारायची गरज नव्हती. आम्हा दोघांना सर एकच... वैजनाथ सर. मुखेडला घरी छातीत कळ आली आणि गाडी नांदेडच्या दवाखान्यात पोचायच्या आत सगळं संपलं. पन्नाशीही गाठली नव्हती. समोरची बाई विचारत होती, औषध जेवणाआधी घ्यायचं की नंतर, आणि मी तिची बाटली उचलून पुन्हा मांडणीवर ठेवून दिली.

लातुरात माझ्या औषधाच्या दुकानावरच्या खोलीत ते भाड्याने राहायचे. एका कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचे. समोर इक्बालभाईंचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. पुण्याच्या होस्टेलवर शिकलेला एक खेळ सरांनी आम्हा दोघांना शिकवला. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. लढाई आली की चौकटींच्या कागदावर सोंगट्या मांडायच्या, आणि वार लागला की हुकला हे वीस बाजूंच्या फाशाने ठरवायचं. गोष्ट सर सांगायचे; तिच्यातला किल्ला त्यांनी कंधारच्या किल्ल्यावरून बेतला होता. इक्बालभाई तलवारबाज झाले. मी चोर झाले. जन्म काउंटरमागे उभं राहण्यात चाललेला. म्हटलं, एवढी तरी हौस भागवावी.

चोराचं सगळं बळ लपण्यात. लपलेल्या जागेवरून केलेला पहिला वार समोरच्याला चुकवता येणं अवघड, म्हणून त्या वाराला फासा दोनदा टाकायचा आणि मोठा आकडा धरायचा. मला वाटायचं, 'मी लपले' म्हटलं की झालं. सरांपुढे ते चालायचं नाही. एकदा मी पिंपामागे लपते म्हणाले, तर ते हसले. "ताई, त्यो पहारेकरी तुमच्याकडंच बघून राहिला. त्याच्या डोळ्यादेखत कसं लपणार?"

"पण मी पिंपाच्या मागं हाय ना?"

"हाव. त्याला तुम्ही दिसत न्हाई. पण तुम्ही कुठं हाय हे त्याला ठाऊक हाय. दिसत नसणं येगळं, लपणं येगळं."

यावर आमची लई भांडणं झाली. आधी आडोसा किंवा अंधार हवा. मग आपली पाळी खर्चून फासा टाकायचा, आणि तो आकडा समोरच्याच्या सावधपणाच्या ठरलेल्या आकड्याला पुरून उरला पाहिजे. वार केला, ओरडलं, की जागा उघडी. आणि पहारेकरी सरळ चालत पिंपाला वळसा घालून आला तर कितीही मोठा आकडा पडलेला असो, सापडलोच. इक्बालभाई माझी वकिली करायचे, सर डस्टरचा सुरा करून कपाटामागे उभे राहून दाखवायचे. चिडायचे नाहीत. उलट नियमावर कोणी भांडलं की त्यांचा चेहरा खुलायचा.

एका रविवारी दुपारी भांडण असं रंगात आलेलं असताना जिन्यावर पावलं वाजली. क्लासचे संचालक एका पालकाला घेऊन सरांना भेटायला आले होते. आवाज ओळखून इक्बालभाई पुटपुटले, "सर, फासे उचला." सरांनी हात लावला नाही. "कशाला? खेळ हाय. त्यांना बी बसवू." दोघं दारात आले. त्यांनी फासे बघितले, मला बघितलं, इक्बालभाईंना बघितलं. सरांनी सतरंजीवर जागा करून दिली, पण कोणी बसलं नाही. "मास्तर माणूस अन् फासे?" एवढंच संचालक म्हणाले आणि जिना उतरले.

आठवड्याभरात गावभर झालं... सर जुगार खेळतात. बाईही असते म्हणे. अन् एक मुसलमानही असतो म्हणे. औषध घ्यायला येणाऱ्या बायका मला आडून आडून विचारू लागल्या. सर कागद, सोंगट्या, फासे सगळं पिशवीत घालून संचालकांकडे गेले; एक डाव खेळून दाखवतो म्हणाले. संचालकांनी पिशवी उघडूही दिली नाही. "मला कळतंय हो सर. पण पालकांना कोण समजावणार? थोडे दिवस आराम करा." आरामाचे ते दिवस संपलेच नाहीत. दुसऱ्या क्लासवाल्यांनीही दारातूनच नमस्कार केला. शेवटी सर मुखेडला आईजवळ गेले आणि पोरांच्या शिकवण्या घेऊ लागले. दर रविवारी फोनवर आमचा खेळ चालायचा. ते तिकडे सोंगट्या मांडायचे, आम्ही इकडे. लातूरबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. मला मात्र त्या क्लासच्या गल्लीतून जाताना अजून तोंड कडू होतं.

ते गेल्यावर क्लासने शोकसभा ठेवली. सरांचा हसरा फोटो, केवढा तरी मोठा फलक. संचालक बोलायला उभे राहिले. "असा चारित्र्यवान शिक्षक आमच्या परिवारात होता, हे आमचं भाग्य." पालकांनी माना डोलावल्या. एवढी माणसं सरांच्या बाजूने एकदा, फक्त एकदा, त्या जिन्यावर उभी राहिली असती तर... इक्बालभाई मधेच उठून बाहेर गेले. मी शेवटपर्यंत बसले. कोण कोण फोटोला फुलं वाहतंय, ते मला बघायचं होतं.

परवाच्या रविवारी आम्ही दोघं एसटीने मुखेडला गेलो. सरांच्या आईने आम्हाला याआधी कधी पाहिलं नव्हतं, पण माझा आवाज ऐकताच म्हणाली, "तूच का गं ती, फोनवर भांडणारी?" चहा टाकला. सरांच्या खोलीत गेलो, तर बाज भिंतीला उभी करून ठेवलेली, मधली फरशी झाडून मोकळी केलेली. मला वाटलं, पाहुणे येणार म्हणून.

"न्हाई बाई," ती म्हणाली. "ऐतवार हाय नं आज. त्याला तुमचा खेळ पसरायला जागा लागायची. मी सकाळीच बाज उचलते."

मग तिने आम्हाला बसा म्हटलं. मोकळी जागा भरपूर होती. आम्ही दोघं चहाचे कप हातात घेऊन उंबऱ्याशीच उभे राहिलो.