यादीत नसलेली पोरगी

दामिनीची चूक एवढीच, की तिनं भांडी नीट मोजली आणि कागद वाचला नाही.

तेल्हाऱ्याला सासरी बैठक बसली होती. नवरा योगेश याला ती आता नको होती, आणि लग्नातलं आंदण परत केलं की सुटलो, अशी तिकडच्या माणसांची पक्की समजूत. चार वर्षांच्या खुशीच्या खर्चाचं काय, असं दामिनीनं विचारलं, तर चुलतसासरे देवराव म्हणाले, "ते पाहू मंग. पयले भांडे मोजून घे." ती पदर खोचून बसली. परात बदललेली निघाली, तिच्यावरून भांडली. आईनं दिलेला पाण्याचा पितळी गुंड दिसेना, तो थेट त्यांच्या स्वयंपाकघरातून काढायला लावला. मग जिंकल्याच्या तोऱ्यात यादीखाली सही ठोकली. सहीच्या वर बारीक अक्षरात लिहिलं होतं, माझे व मुलीचे काहीही घेणे राहिलेले नाही. एवढी खमकी बाई, पण एका गुंडापायी फसली.

पातूरला माहेरी फुलांची शेती. आई मैनाबाईसोबत ती शेवंती तोडू लागली, हार करून विकू लागली. कोणापुढे रडली नाही. दीड वर्षानं योगेशनं अकोल्याच्या कोर्टात घटस्फोटाचा दावा लावला, तेव्हा नोटीस घेऊन ती आरतीताई वकिलांकडे गेली आणि पहिल्यांदाच मान खाली घालून बोलली. "मी तं लिवून देल्लं, बाई. आता काय भेटन?"

"पोरीचा हक्क तुझा नाहीच, तो तू सोडणार कसा?" आरतीताई म्हणाल्या. "खटला चालू आहे तोवर तुम्हा दोघींसाठी अंतरिम पोटगी मागता येते. घटस्फोट झाला म्हणून तुझी पोटगी आपोआप संपत नाही. आणि पोरीचा तर तो जन्मभर बापच आहे."

दामिनीला आधी स्वतःचा राग आला, मग त्या कागदाचा, आणि मग मात्र तो राग तिनं जपून ठेवला.

पोटगीचा अर्ज लागला, तेव्हा योगेशनं शपथेवर लिहून दिलं की आपण बेकार, शेती वडिलांची, आपल्या हाती काही नाही. शहाणा माणूस! त्याच महिन्यात त्यानं नव्या ट्रॅक्टरच्या पूजेचे फोटो मोबाईलच्या स्टेटसला टाकले होते. बोनेटवर हातभर अक्षरात नाव होतं, योगेश. भाड्यानं चालणारा तो ट्रॅक्टर त्याच्याच नावावर निघाला. आरतीताईंनी कागदपत्रं जोडली.

मग सुनावणीत योगेशच्या वकिलांनी भांड्यांची यादी काढली. "ही सही तुमचीच ना?"

"माहीच हाये, साहेब. एकोणतीस नग मोजून घेतले मी. परात हाये, गुंड हाये. त्याच्यात माही पोरगी कितव्या नंबरावर हाये, तेवढं वाचून दाखवा."

वकिलांनी यादी खाली ठेवली. मग म्हणाले, "तुम्ही हार विकून कमावता की नाही?"

"कमावतो नं. म्या कमावलं म्हणून पोरीचा बाप मेला काय?"

न्यायाधीशबाईंनी यादी मागून घेतली, शेवटची ओळ दोनदा वाचली आणि बाजूला ठेवली. महिन्याभरानं हुकूम झाला. घटस्फोटाचा निकाल लागेपर्यंत खुशीला महिना पाच हजार, दामिनीला तीन, आणि तेही अर्ज केला त्या दिवसापासून.

कोर्टाच्या जिन्यात देवराव आडवे आले. "भीक मांगून पोसशीन काय पोरीले?"

"भीक तं तुमच्या बैठकीत मांगली होती, काका. हे हक्काचं हाये."

ते पाय आपटत गेले. योगेश मागे रेंगाळला. जरा नरमला होता. इकडंतिकडं बघत त्यानं विचारलं, "कितवीत हाये आता खुशी?"

दामिनीच्या डोक्यात सणक गेली. दोन वर्षांत पातूरची एसटी कोणी बंद केली नव्हती.

"ऑर्डरीत लिवलं हाये," ती म्हणाली. "वाचून घेजो."