गाबोळीची माशी

वेल्मा टाल्समाने बांधलेल्या माश्या पाहून जुने मासेमार नाक मुरडायचे. मिशिगनमधल्या त्या नदीकाठी माशांना फसवायला गळावर बांधायची बनावट माशी म्हणजे पिसं, केस आणि रेशमी दोरा, अशी त्यांची ठाम समजूत. वेल्माने मात्र तीस वर्षं शाळेच्या खानावळीत काढलेली. ती फरशी पुसायच्या मॉपचे झुबके कापून अळ्या करायची, रबरी दोऱ्यांची गांडुळं करायची, आणि लोकर नि डिंकातून सामन माशाची गाबोळी, म्हणजे अंडी, अशी वठवायची की बघणाराही फसावा. मासे फसायचे, म्हणून माणसं यायची. निवृत्तीनंतर तिनं वाटाड्याचा परवाना काढला आणि हौशी मंडळींना नदीवर नेऊ लागली.

नदीवरच्या पुलाच्या वरच्या अंगाला मैलभर पाण्यात फक्त बनावट माशी चालते. खरं आमिष नुसतं जवळ बाळगलं तरी गुन्हा. ऑक्टोबरातल्या एका सकाळी वेल्मा तिथे एकटीच कमरेइतक्या पाण्यात उभी होती. चौथा मासा तिनं नुकताच सोडून दिला होता.

"बाई, बाहेर या जरा."

काठावर मत्स्यखात्याचा रक्षक टीग उभा होता. त्याच्यामागे मासेमार मंडळाचा अध्यक्ष बर्ट लेडयार्ड, हाताची घडी घालून.

"गाबोळी लावतेय ही," बर्ट म्हणाला. "माशीवर तासाभरात चार मासे लागतात होय?"

"तुझ्या माशीवर नाही लागत, बर्ट. ते सगळ्या गावाला ठाऊक आहे."

टीग हसला नाही. दोरीला लटकणारा केशरी गोळा त्यानं चिमटीत दाबला, हुंगला. "मऊ लागतोय. परवाना जाईल तुमचा, कल्पना आहे ना?"

"आहे. पाच मिनिटं द्या. तुमच्यासमोर बांधून दाखवते."

ट्रकच्या फळीवर तिनं छोटा शिकंजा बसवला, त्यात गळ आवळला. बोटं गारठलेली. दोरा दोनदा निसटला. तिसऱ्यांदा बसला, तशी कात्रीसाठी तिनं कोटाच्या खिशात हात घातला आणि तिचा हात तिथेच थबकला. जाळीची छोटी पुरचुंडी. ओली, मऊ. आत खरी गाबोळी होती.

कोट घरच्या खुंटीवरचा. तिचा भाऊ गेरिट पुलाच्या खालच्या अंगाला, जिथे आमिष चालतं, तिथे मासे धरायचा, आणि हाती येईल तो कोट अडकवून जायचा.

"काय झालं?" टीगनं विचारलं.

"कात्री." ती दुसऱ्या खिशात सापडली.

हात चालू राहिले. लोकर आवळली, कापली, वर डिंकाचा थेंब सोडला. टीगनं दोन्ही गोळे तळहातावर शेजारी शेजारी ठेवले, बराच वेळ पाहिले.

"लोकरच आहे, साहेब," तो बर्टला म्हणाला. बर्ट गाडीकडे वळला.

टीगनं वही मिटली. "माफ करा बाई, तुमचा वेळ घेतला."

आता फक्त गप्प राहायचं होतं. पण ही पुरचुंडी उद्या कुणाच्या नजरेस पडली, तर तिच्या एकाही माशीवर कुणी विश्वास ठेवणार नव्हतं. तिनं ती फळीवर ठेवली.

"हेही आहे. भावाचं. पण कोट माझ्या अंगावर आहे."

"मी खिसे तपासले नव्हते."

"माहीत आहे मला."

टीगनं वही पुन्हा उघडली. लिहिताना त्यानं एकदाही मान वर केली नाही. वसंतापर्यंत परवाना गेला.

"त्यानं वही मिटली होती म्हणे," त्या दिवशी जेवताना गेरिट म्हणाला. "तुला तोंड मिटून बसवत नव्हतं?"

"तुला खिसे रिकामे करवत नव्हते?" तिनं वाटाण्याच्या सुपाचं भांडं त्याच्यासमोर आदळलं.

त्या हिवाळ्यात बर्टच्या मंडळानं आपल्या स्पर्धेत गाबोळीच्या माशीवर बंदी घातली. नदीवर मात्र ती चालू राहिली. ही माशी लोकरीची, बनावट, अशी टीगच्या दप्तरात नोंदच झाली होती.