विदाउट

‘माझ्याकडून कर घ्या’ म्हणून स्वतःहून मागे लागलेला माणूस या देशात मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझा घरमालक निघाला. जयपूरला नोकरी लागली म्हणून नागपुरातलं बस्तान गुंडाळून मी विद्याधर नगरात त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला आले. तेव्हा सगळ्यांनी अभिनंदन केलं होतं, ‘मराठी घरमालक मिळाला, नशीब काढलंस!’ काका मूळचे भुसावळचे. उभी नोकरी रेल्वेत टीसी म्हणून काढली, शेवटची बदली इथे झाली आणि इथेच घर बांधून राहिले. सेवानिवृत्तीच्या दिवशी रेल्वेने त्यांचा काळा कोट काढून घेतला असेल, पण आतला टीसी तसाच राहिला. त्यांच्या लेखी माणसांच्या जाती दोनच, तिकीट काढणारे आणि विदाउट. लग्नाला गेले की आहेराचं पाकीट आधी देत, मगच पंगतीला बसत. मिठाईच्या दुकानात दुकानदाराने प्रेमाने घेवराचा तुकडा पुढे केला, की हे एक पाऊल मागे सरकून म्हणत, “पहले तौलो, फिर खिलाओ.” दुकानदार चक्रावून काकूंकडे बघायचा. काकू कपाळाला हात लावायच्या.

पण काकांचं खरं वेड होतं रेडिओ. पूर्वी रेडिओला लायसन असायचं, दरवर्षी पोस्टात जाऊन फी भरावी लागायची, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. ते लायसन रद्द झालं तेव्हा सगळा देश सुटलो म्हणाला असेल. काकांना मात्र आपल्याला चालत्या गाडीतून उतरवल्यासारखं वाटलं. ते म्हणत, “तिकीट काढलेला माणूस पंखा बंद आहे म्हणून भांडू शकतो. विदाउटने काय भांडायचं? त्याने संडासाजवळ गुपचूप उभं राहायचं.” एकदा तर ते पोस्टात जाऊन रेडिओची फी घ्या म्हणून अडून बसले. तिथल्या मुलीने अतिशय सौजन्याने त्यांचं आवर्ती ठेवीचं खातं उघडून दिलं. तेव्हापासून घरात त्यांचा स्वतःचा कायदा सुरू झाला. रेडिओशेजारी बिस्किटांचा पत्र्याचा डबा असायचा आणि जो ऐकेल त्याने त्यात नाणं टाकायचं. मी राहायला आल्यावर थोड्याच दिवसांत सकाळी दार वाजलं. काका उभे. “काल जिन्यात थांबून शेवटच्या ओव्हरची कॉमेंट्री ऐकलीस ना?” मी मुकाट्याने पर्स उघडली.

वाद मीही घालत असे. कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या बाईने आणि चार गाड्या उभ्या असलेल्या बंगल्याने सारखीच फी भरायची, हा कुठला न्याय? काका शांतपणे म्हणायचे, “जनरलचा डबा असतोच की. तिकीट स्वस्त असतं, पण असतं. तिला फुकट बसवलंस, की उद्या कोणीही तिला उठवेल.” मी म्हणायचे, आपण सगळे टॅक्स भरतो, त्यातूनच सरकार रेडिओ चालवतं. त्यावर ते डोळे बारीक करायचे. “म्हणूनच तो सरकारचं ऐकतो. पगार देणाऱ्याचं सगळेच ऐकतात, मी नाही का ऐकलं?” मला ते पटत नसे.

काकूंना या वादात रस नव्हता. साखरेने त्यांची दृष्टी गेली होती आणि दिवसभरात त्यांच्या हक्काचं एकच होतं, इथल्या एका लहानशा सरकारी रेडिओ केंद्रावरचा दुपारचा बायकांचा कार्यक्रम. निवेदिका “राम राम सा” म्हणाली की काकू दिवाणावर सावरून बसत आणि “राम राम गं बाई” म्हणून उत्तर देत. लोणच्याची कृती आली की इकडून “मोहरी कमी पडली तुझी” अशी दुरुस्ती जाई. भुसावळहून आलेल्या या बाईला मारवाडी शिकवली त्या आवाजाने, आणि डोळे गेल्यावर शहरही दाखवलं त्यानेच. मग एका दुपारी “राम राम सा” आलंच नाही. त्याऐवजी दुसऱ्याच कुठल्या शहरातून गाणी वाजायला लागली. दुसऱ्या दिवशीही तेच. काकू रोज त्या वेळेला सावरून बसायच्या, थोडा वेळ ऐकायच्या आणि भिंतीकडे तोंड करून पडायच्या. जेवणही अर्धं टाकायला लागल्या.

काका इस्त्रीचा शर्ट घालून केंद्रावर गेले. तिथल्या साहेबांनी बसवलं, चहा पाजला (त्याचे पैसे काकांनी टेबलावर ठेवलेच) आणि म्हणाले, “अंकल, इतके दिवस झाले, विचारायला आलेले तुम्ही पहिलेच. और फिर, मुफ़्त में जितना मिल रहा है, सुनिए ना.” बिचारे वाईट बोलले नव्हते. पण काका घरी आले ते पडेल चेहऱ्याने. जिन्याच्या पायरीवर बसून मला म्हणाले, “जन्मभर लोकांना पकडलं गं. आज मीच विदाउट सापडलो.”

पुढे जे झालं ते फक्त आपल्या मराठी माणसांतच होऊ शकतं. काकांनी ठरवलं, जयपुरातल्या ओळखीच्या मराठी घरांतून रेडिओची फी गोळा करायची आणि ती केंद्रासमोर ठेवून कार्यक्रम मागायचा. स्कूटरवरून तिलक नगर झालं, आदर्श नगर झालं, रेल्वेची सगळी जुनी मंडळी झाली. दिवस श्रावणाचे. दारात ओळखीचा मराठी म्हातारा आणि त्याच्या हातात डबा बघून लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं. काका दारात उभे राहून श्रोत्यांचा हक्क समजावून सांगत होते आणि लोक “हां काका, दरवर्षीचंच आहे” म्हणत पाकीट काढत होते. बोलणारे काका एकटेच, ऐकणारं कोणी नाही. संध्याकाळी ते जड डबा काकूंच्या मांडीवर ठेवत म्हणाले, “लोक चांगले आहेत गं. मीच उगाच नावं ठेवत होतो.” काकू त्या रात्री पोटभर जेवल्या.

गणपतीच्या बैठकीत कोणीतरी आनंदाने जाहीर केलं, काकांनी भरघोस वर्गणी जमवलीय, यंदा मूर्ती मोठी आणू! काका उभे राहिले आणि पैसे कशाचे आहेत ते त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. सगळे हसायला लागले. “रेडिओला? तो तर फुकट असतो!” आमच्याच ऑफिसातला एक पोरगा, ज्याच्या टीव्हीवर सिनेमे दाखवणाऱ्या झाडून सगळ्या कंपन्यांना दरमहा पैसे जातात, तो म्हणाला, “मतलब काका, आजकाल कोण ऐकतं?” ऐकणारी घरी दिवाणावर बसली होती, पण तिला कोण मोजतं! काकांनी पुन्हा स्कूटर काढली आणि घरोघर जाऊन पैसे परत केले. ‘राहू द्या काका, त्यालाच घ्या’ असं एकाही घराने म्हटलं नाही. एका सद्गृहस्थांनी तर आपली नोट कोरी होती, ही चुरगळलेली आहे, अशी तक्रार केली. देवासाठी हात सैल सोडणारी ही माणसं, एका आंधळ्या बाईच्या दुपारसाठी त्यांच्या मुठी आवळल्या. मी तेव्हाही चिडले होते आणि आजही चिडलेलीच आहे.

त्यानंतर एका दुपारी मी घरून काम करत होते, तर खालून गेंगाणा आवाज आला, “राम राम सा! बहनों, कैसी हो सा?” मी जिन्यातून वाकून बघितलं. काका स्वयंपाकघराच्या दाराआड स्टुलावर बसून, नाक दाबून, टोमॅटोचे भाव सांगत होते. मग गल्लीतल्या बातम्या झाल्या, कढीची सपशेल चुकीची कृती झाली, शेवटी एक बेसूर गाणं. आणि दिवाणावरून काकू उत्तरं देत होत्या, “ताक शेवटी नसतं घालायचं, बाई!” कार्यक्रम संपला की त्या चाचपडत डब्यात नाणं टाकत. काका बाजारात गेले असताना मी काकूंना विचारलं, तुम्हाला खरंच कळत नाही का? “आंधळी झालेय पोरी, बहिरी नाही.” मग बोलत का नाही? त्या हसल्या. “बोलले तर बंद पडेल ना.”

मकरसंक्रांतीच्या आदल्या आठवड्यात काकू गेल्या. तेरावं झालं, पाहुणे पांगले. दुपारी खालून काहीच ऐकू येईना आणि ती शांतता मला सहन होईना. एक दिवस मी खाली गेले, डब्यात नाणं टाकलं आणि काकूंच्या जागी दिवाणावर बसले. “काका, लावा ना.”

काकांनी एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. मग त्यांनी डबा उघडला, माझं नाणं काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवून वरून मूठ मिटली.

“गाडीच रद्द झाली बेटा,” ते म्हणाले, “तिकिटाचे पैसे परत करावे लागतात.”