कुंकू लागलेल्या चार पट्ट्या

परभणीत माझ्या हाताला काम राहिलं ते चुडाव्याच्या दादांमुळे. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर बाकीचं सांगण्याच्या नादात मुख्य माणूसच राहून जायचा.

दादा आमच्या छापखान्यात कॉम्प्युटर दुरुस्तीला आले की आधी खिडकीचा गज धरायचे. चपला बाहेर, पिशवी खाली आणि उजवा हात गजावर. असे डोळे मिटून उभे राहायचे की नव्या माणसाला वाटावं, देवाचं नाव घेताहेत. मग म्हणायचे, "आंगातली वीज लोखंडाला दिली. आता उघडू." त्यानंतरच कॉम्प्युटरच्या पेटीला हात. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांच्या हातांकडे बघत राहतो आणि चेहरा नीट बघायचा राहतो.

माझं गाव लांब, कोकणात. सातवीत शाळा सुटली. घरात खाणारी तोंडं जास्त, म्हणून परभणीच्या एका लांबच्या मावशीकडे मला पाठवलं. तिनं एका छापखान्यात लावून दिलं. काम असेल तोवर राहा, असं तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. लग्नपत्रिका, हँडबिलं, कुणाच्या बाराव्याचं कार्ड, सगळं मी त्या एका कॉम्प्युटरवर जुळवायची. तो मध्येच अडकला की मी दादांना पुन्हा पुन्हा विचारायची.

"दादा, हा कायमचा तर बंद पडणार नाही ना?"

"ताई, दम घ्या जरा. मशीनलाबी घेऊ द्या," दादांचं ठरलेलं उत्तर.

चहा आला की दादा पिशवीतून स्वतःचा स्टीलचा कप काढायचे. मला वाटायचं, माणूस स्वच्छतेचा. पुढे छपाईच्या माणसानं सांगितलं. पहिल्या दिवशी मालकांनी त्यांच्यासाठी मोरीजवळचा कान तुटलेला कप दाखवला होता. दादा दुसऱ्या खेपेपासून आपला कप आणायला लागले. मालकांपेक्षा दादा वयानं मोठे, तरी मालक त्यांना "अरे" म्हणत आणि दादा मालकांना "तुमी".

विद्यापीठाचं नामांतर झालं त्याच्या आधीचा दसरा. मराठी अक्षरांची चार पानं झाली की मशीन थिजायचं, म्हणून मेमरी वाढवायचं ठरलं. मेमरीच्या कुठल्या पट्ट्या आणायच्या ते दादांनी सांगितलं होतं. मालक हैदराबादला गेले आणि दुकानदारानं पुढे केल्या त्या घेऊन आले. बोटाएवढ्या हिरव्या पट्ट्या, वर काळे चौकोनी तुकडे. दसऱ्याला छपाईयंत्राची पूजा झाली, कात्रीची झाली. मालकांनी त्या चार पट्ट्याही पाटावर मांडल्या आणि ओल्या बोटानं एकेकीला कुंकू लावलं.

दुसऱ्या दिवशी दादा आले. गज धरला. पट्ट्या बघितल्या आणि माझ्याकडे शाळेचा खोडरबर मागितला. पट्टीच्या पितळी दातांवर कुंकू उतरलं होतं, ते घासून घासून काढलं.

"वरचं पुसू नको रे, पूजेचं हाय," मालक म्हणाले.

वरचं कुंकू तसंच राहिलं. पट्ट्या बसल्या, मेमरी दुप्पट झाली आणि मशीन पहिल्यापेक्षा हळू चालायला लागलं. एक ओळ सरकवायची आणि बसायचं वाट बघत.

"जुन्या चलाख हायत, या संथ," दादा म्हणाले. "संगं चालायचं तर सगळ्यात हळू हाय तिच्या चालीनं समद्यांनी चालायचं. न्हाईतर मशीन जागेवरच थांबतंय."

मालक भडकले. "मेमरी वाढली अन् मशीन म्हातारं झालं? दिवाळीपस्तोर असंच राहिलं तर विकून टाकतो. पोरी, तूबी गाठोडं बांधून ठेव."

मी कुठे जाणार होते? दादांनी माझ्याकडे एकदा बघितलं, पट्ट्या काढून कागदात गुंडाळल्या. "बदलून आनतो."

आठवड्यानं परत आले. चार पट्ट्या, कुंकवाशिवायच्या. बसवल्या आणि मशीन असं पळायला लागलं की माझीच बोटं मागे पडली.

"दिल्या बदलून? काही न बोलता?" मालकांनी विचारलं.

"दिल्या."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दादा म्हणाले, "ताई, बाजूला होऊन रडा. मशीनवर थेंब पडंल."

त्यानंतर एक-दोनदा आले आणि मग येईनातच. जानेवारीत नामांतर झालं, गावात कुठे फटाके, कुठे शटर खाली. मला वाटलं, त्यामुळे येत नसतील. पण पुढेही आले नाहीत. शेवटी एका रविवारी मीच पॅसेंजरनं चुडाव्याला गेले.

स्टेशनाजवळच दादांची पत्र्याच्या छपराची खोली. चुना नवा होता. भिंतीशी दोन बाकं आणि रंगवलेली पाटी, 'कॉम्प्युटर वर्ग'. टेबलावर जुन्या साडीच्या तुकड्याखाली झाकलेलं मशीन. भंगारातले भाग जमवून दादांनीच जोडलेलं.

"ते पुन्याकडं गेले," वहिनी म्हणाल्या. "वाचमन म्हून. पत्ता कळवतो म्हनले, अजून तरी काई न्हाई."

"आणि वर्ग?"

"कसला वर्ग, ताई. मशीन चांगलं चाललं तर शिकायला पोरं धाडतो म्हनून शाळेची मानसं बघायला आली. एक अक्षर उमटंना लवकर. हसायले ते. म्हनले, यापरीस पोरं हातानं झटकन लिवतेत. अन् उठून गेले."

मी झाकण उघडायला गेले. सवयीनं आधी खिडकीचा गज धरला. आत चार पट्ट्या होत्या. चौघींवर कुंकू.

"दुकानदारानं कुंकू बघितलं अन् हातच जोडले," वहिनी माझ्या मागून म्हणाल्या. "पूजलेला माल परत कसा घिऊ म्हनला. मग यांनी या घरच्या मशीनच्या काढून तुमच्या मशीनला दिल्या. मी लय बोलले. तर हे म्हनले, त्या पोरीला जायला जागा न्हाई."

मी बाकावर बसले. दादांना तरी कुठे जागा राहिली होती?

निघताना विचारलं, "त्यांचा कप?"

"पिशवीत न्हेला. त्यो कसा ठिवतील?"

पुण्याला जाणाऱ्या प्रत्येकाला मी विचारत राहिले. मीही जाऊन आले. एवढ्या फाटकांवर एवढे वॉचमन, कुणाला ठाऊक नव्हतं. पुढच्या खेपेला चुडाव्याची खोलीही बंद दिसली. वहिनी माहेरी गेल्या असं शेजारी म्हणाले, कुठलं माहेर ते कुणी सांगेना.

पुढे मालकांनी ते मशीन भंगारात काढलं. तेव्हा मी फक्त दादांच्या घरच्या त्या चार पट्ट्या मागून घेतल्या. आता त्या कुठल्याच मशीनला बसत नाहीत. मऊ कपड्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवल्यात.

दादा, तुम्ही कुठे आहात, आहात की नाही, मला माहीत नाही. पण एक ना एक दिवस तुमचं दार शोधीन. आधी खिडकीचा गज धरीन आणि तुमच्या चारही पट्ट्या तुमच्या हातात परत देईन.