दाजींच्या मनगटावरचं आमचं घड्याळ

घड्याळवाल्याच्या दुकानात गप्पा मारत बसण्याचा एक फायदा असतो. भिंतीवर वीसेक घड्याळं असतात आणि प्रत्येकात वेगळी वेळ असते. घरून फोन आला की आपल्या सोयीचं घड्याळ बघून सांगायचं, "अगं, आत्ता तर दहा वाजतायत!"

असं करत करत आमचे किस्से साठत गेले. नाशिक रोडला बागूल अण्णांचं दुकान आहे. एक माणूस आणि एक स्टूल मावेल एवढं. बाकीच्यांनी बाहेर पायरीवर बसायचं. अण्णा मूळचे सटाण्याकडचे. एरवी शुद्ध बोलतात, पण वैतागले की अहिराणीवर येतात. दर रविवारी सकाळी तिथे आम्ही चौघं जमतो. गंगापूर रोडचा कुलकर्णी, पळशाकडचा नामदेव, आमचे दाजी म्हणजे माझ्या ताईचे मिस्टर, आणि मी. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेला अशोक.

या मंडळाला लागलेलं वेड एकच, वाडवडिलांची घड्याळं. कुलकर्णीकडे आजोबांचं आहे, नामदेवकडे बापाचं आहे. माझ्या वडिलांचंही आहे. फक्त ते दाजींकडे आहे! आणि ते मला हवंय. गेली पस्तीस वर्षं हवंय. हे एकदा सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे मी जळकुकडा वाटलो तर कुणाला आश्चर्य वाटायला नको.

*

पहिला मान कुलकर्णीच्या घड्याळाचा. "आजोबांना गोऱ्या साहेबाने दिलेलं, अस्सल स्विस, सोन्याचं," हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकलं होतं की नामदेव ते त्याच्याआधी म्हणून दाखवायचा. एका रविवारी ते बंद पडलं आणि कुलकर्णी ते मखमली डबीत घालून घेऊन आला.

अण्णांनी डोळ्याला भिंग लावलं, झाकण उघडलं आणि आत डोकावले. मग एकदम, "हाई काय शे?"

कुलकर्णी घाबरला. "काय झालं?"

"डायल एका कंपनीचं. मशीन दुसऱ्याच कंपनीचं. काटे तिसरीकडचे. चावी द्यायचं बटण तर लेडीज घड्याळाचं आहे! कुलकर्णी, हे घड्याळ नाही हो, हे आघाडीचं सरकार आहे. कुणाचं कुणाशी नातं नाही, तरी इतके दिवस चाललं!"

खोटं कशाला बोलू, मला फार आनंद झाला. सगळ्यांना चहा मीच पाजला. त्या आठवड्यात मला झोपही चांगली लागली.

पुढच्या रविवारी कुलकर्णी दुरुस्त झालेलं घड्याळ घालून ऐटीत आला. हात पुढे करून म्हणतो, "असा पीस जगात एकच आहे. दुसरा शोधून दाखवा!"

झालं. परत माझी जळजळ सुरू.

*

नामदेवची द्राक्षबाग आहे. फवारणीचा पंप स्वतः खोलतो, स्वतः जोडतो. त्यामुळे बापाचं घड्याळ अडकायला लागलं तेव्हा त्याने अण्णांना त्रास दिला नाही. चाकूच्या टोकाने काच काढली आणि सगळं घड्याळ रात्रभर पेट्रोलमध्ये बुडवून ठेवलं. सकाळी जुन्या टूथब्रशने घासलं!

"सर्व्हिसिंग करूनच आणलंय," तो म्हणाला. "फक्त काच बसवून द्या."

अण्णांनी बघितलं तर डायल पांढरं स्वच्छ. एकही आकडा शिल्लक नाही!

"नामदेव, आकडे कुठं गेले?"

"पेट्रोलात."

"मग वेळ कशी बघणार?"

"काटा वर गेला का बारा, खाली गेला का सहा. शेतकऱ्याला एवढं बास हाय!"

आम्ही हसून हसून पायरीवरून खाली पडायचेच राहिलो. अण्णा काच बसवायला लागले तर तिला आडवी चीर. म्हणाले, "ही फुटलीय. नवी टाकतो."

नामदेवने ती त्यांच्या हातातून काढून घेतली. "नाय अण्णा. हीच टाका. दहावीला नापास झालो तव्हा बापानं मला थोबाडीत दिली, ती मी अशी हातानं अडवली. तव्हा फुटली ही. बदलायची नाय."

अण्णांनी तीच काच बसवली. आणि मी? मला त्या थोबाडीचा हेवा वाटला! आमच्या वडिलांनी मला जे काही फटके दिले ते घड्याळ नीट काढून ठेवून. त्यामुळे तेही बिनघड्याळाच्या हाताने.

*

ते दाजींकडे कसं गेलं, हेही ऐका.

ताईचं लग्न. जावयासाठी नवीन घड्याळ घेतलेलं. ऐन मांडवात द्यायची वेळ आली तर सापडेना! पिशव्या झाल्या, ट्रंका झाल्या. दाजी बिचारे खाली मान घालून बसले होते, पण त्यांचे काका मोठ्याने म्हणाले, "राहू द्या, नसेल ऐपत तर."

वडील पुढे झाले. त्यांनी स्वतःच्या मनगटावरचा पट्टा सोडला आणि ते घड्याळ दाजींच्या हाताला बांधलं. "हेच ठेवा जावईबापू. नव्यापेक्षा चांगलं आहे."

नवीन घड्याळ दुसऱ्या दिवशी आईला तांदळाच्या डब्यात सापडलं. चोर नेतील म्हणून तिनेच सगळ्यात सुरक्षित जागी ठेवलं होतं! दिलेलं परत मागायचं नसतं, म्हणून ते नवीन मला मिळालं. सेलवर चालणारं. दोन वर्षांत बंद पडलं.

वडिलांनी पुन्हा कधी घड्याळ घेतलं नाही. शेवटपर्यंत मलाच विचारायचे, "अशोक, किती वाजले रे?" दरवेळी मी वेळ सांगायचो आणि मनातल्या मनात दाजींना दोन शिव्या घालायचो.

*

आता माझ्या अब्रूचा किस्सा. सगळ्यांकडे वारशाचं घड्याळ आणि आपणच मोकळे, हे मला सहन होईना. एके दिवशी मी जुन्या बाजारात गेलो आणि एक बऱ्यापैकी खानदानी दिसणारं घड्याळ उचललं. विकणारा म्हणाला, त्र्यंबकहून आलंय. रविवारी पायरीवर जाहीर केलं, "आमच्या मामांचं! त्र्यंबकेश्वरचे मामा. जाताना मलाच देऊन गेले. माझ्यावर फार जीव होता त्यांचा."

कुलकर्णी हळहळला. नामदेव म्हणाला, "मामा म्हंजे बापासारखाच." दाजी नुसते माझ्याकडे बघत राहिले. मला कोण मामा होते ते त्यांना माहीत असणारच की!

अण्णांनी झाकण उघडलं आणि भिंग लावलं. आता, अण्णांची एक पद्धत आहे. दुरुस्त केलेल्या प्रत्येक घड्याळाच्या झाकणावर ते आतून सुईने बारीक खूण करतात आणि पुढे नंबर टाकतात. पुन्हा ते घड्याळ आलं की ओळखता यावं म्हणून. ही पद्धत मला ठाऊक होती. फक्त जगातल्या सगळ्या घड्याळांमधून मी नेमकं त्यांच्याच हाताखालून गेलेलं उचलीन, असं वाटलं नव्हतं.

अण्णांनी वही चाळली. "मामा त्र्यंबकचेच ना?"

"हो हो."

"प्रसादाच्या पेढ्यांचं दुकान?"

मी काय सांगणार? "हो!" म्हटलं.

"मग अभिनंदन अशोकराव. मामा जिवंत आहेत! परवाच येऊन गेले. वय असेल पस्तीस."

तेव्हापासून पेढे दिसले की नामदेव मला विचारतो, "मामा काय म्हंतो?"

*

त्यानंतर दोनच आठवड्यांनी दाजींनी खिशातून रुमाल काढला आणि अण्णांच्या काउंटरवर उलगडला. वडिलांचं घड्याळ. बंद पडलेलं, काच धुरकट, पट्ट्याचे तुकडे झालेले. "कपाटात पडून होतं. बघा, काही होतंय का. सासऱ्यांचं आहे."

सासऱ्यांचं! माझ्या वडिलांना माझ्यासमोर 'सासरे' म्हटलं की मला कसंतरीच होतं. अगदी बरोबर असलं तरी.

अण्णांनी झाकण उघडलं. देवाशपथ सांगतो, मी मनात म्हणत होतो, भंगार निघू दे. कुलकर्णीसारखं आघाडीचं सरकार निघू दे. निदान पस्तीस वर्षांची जळजळ तरी फुकट गेली, असं म्हणून शांत होईन.

अण्णांनी भिंग काढलं, पुसलं आणि परत लावलं. "स्विस आहे. डायल, काटे, मशीन, केस, सगळं एकाच जन्माचं. एक पार्ट बदललेला नाही. असं घड्याळ माझ्याकडे वर्षाकाठी एखादं येतं."

कुलकर्णीचा चेहरा उतरला. माझा तर कधीच उतरला होता.

दाजी खूश. "मग अण्णा, मस्त पॉलिश मारा. डायल पिवळं पडलंय, ते नवीन रंगवून टाका."

"डायलला हात लावायचा नाही!" मी एवढ्या जोरात ओरडलो की समोरचा इस्त्रीवाला बाहेर आला.

दाजी शांतपणे म्हणाले, "अशोकराव, घड्याळ कोणाचं आहे?"

पस्तीस वर्षांत हा प्रश्न कुणी उघड विचारला नव्हता. उत्तर अण्णांनी दिलं, "दुरुस्त होईपर्यंत माझं आहे. आणि मी डायल रंगवत नाही. निघा दोघं!"

*

आतल्या चाकाचा केसाएवढा दांडा मोडला होता. अण्णांकडे बिस्किटांचे जुने डबे आहेत, त्यात मेलेली घड्याळं भरलेली. दीड महिना ते डबे उपसत होते. शेवटी एकात तस्साच दांडा सापडला आणि वडिलांचं घड्याळ टिकटिकायला लागलं.

पण काम तिथे संपत नाही. टेबलावर बरोबर चालणारं घड्याळ हातावर तसंच चालेल असं नसतं. म्हणून अण्णा ते आठ दिवस कुणाच्या तरी हातावर चालवून बघतात. त्यांच्या स्वतःच्या दोन्ही हातांवर तेव्हा मनगटापासून कोपरापर्यंत घड्याळं होती.

"मी घालतो ट्रायलला," मी म्हणालो. जमेल तेवढ्या साध्या आवाजात.

आठ दिवस मी आंघोळ झाल्या झाल्या त्याला चावी दिली. वडील द्यायचे तशीच, देवासमोर उभं राहून. आठव्या दिवशी परत करायची वेळ आली तेव्हा माझ्या तोंडून आपोआप निघालं, "अण्णा, दिवसाला दोन मिनिटं मागे पडतंय."

"असं? मग अजून आठ दिवस घाला."

पुढच्या रविवारी म्हटलं, "आता तीन मिनिटं." त्याच्या पुढच्या रविवारी, "मध्येच थांबतं बुवा." अण्णा प्रत्येक वेळी झाकण उघडायचे, फुंकर मारायचे आणि घड्याळ मलाच द्यायचे. घरी बायको म्हणाली, "मागे पडतं म्हणता, आणि मनमाडची गाडी पकडायला याच घड्याळावर विसंबून निघता?" डायलवरून झालेल्या त्या भांडणानंतर दाजी पायरीवर येत नव्हते, पण ताईचा फोन आला, "अरे अशोक, अजून झालं नाही का ते? हे रोज विचारतात."

असे दोन महिने काढले. मग एका रविवारी दाजी दुकानात माझ्या आधी येऊन बसलेले. मला बघून त्यांनी हात पुढे केला. मी पट्टा सोडला आणि घड्याळ त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते घातलं, बाही खाली केली आणि निघून गेले.

घरी येऊन मी जेवलो नाही. नामदेवच्या थोबाडीपासून त्र्यंबकच्या त्या पेढेवाल्यापर्यंत, त्या दिवशी मला सगळ्या जगाचा हेवा वाटला.

*

हा किस्सा त्यानंतरच्याच रविवारचा.

मी जाणार नव्हतो, पण कुलकर्णी न्यायलाच आला. आम्ही पायरीवर बसतोय तोच दाजी आले. आज पायरीवर टेकलेच नाहीत. उभ्या उभ्या घड्याळ काढलं आणि काउंटरवर ठेवलं.

"अण्णा, हे पुढे पळतंय."

"किती?"

"खूपच. चारदोन मिनिटं तरी."

अण्णांकडे एक छोटं टायमिंगचं मशीन आहे. घड्याळ त्यावर ठेवलं की पडद्यावर रेघ उमटते. पुढे पळत असेल तर रेघ वर चढते, मागे पडत असेल तर खाली उतरते. माझ्या दोन महिन्यांच्या तक्रारींत अण्णांनी त्या मशीनला एकदाही हात लावला नव्हता. पण नामदेवला कुठे राहवतंय! "लावा की मशीनला. पघू तर किती पळतंय."

अण्णांनी घड्याळ मशीनवर ठेवलं. आम्ही सगळे आत वाकलो. फक्त दाजी रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.

रेघ उमटली. डावीकडून उजवीकडे सरळ गेली. वर नाही, खाली नाही, केसभरसुद्धा नाही.

नामदेवने तोंड उघडलं, पण कुलकर्णीने त्याचा दंड धरला.

अण्णांनी मशीन बंद केलं. भिंग काढून ठेवलं. दाजींच्या पाठीकडे बघत म्हणाले, "बरोबर बोलताय. फॉल्ट मोठा आहे. ट्रायलला बराच काळ ठेवावं लागेल."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बघत काय बसलात अशोकराव? बाही वर करा!"