मान हलवली ती मीच

आमच्या नातीचा उपचार पहिल्या वेळी सुनेमुळे फसला, असं नात्यागोत्यात आजही बोललं जातं. ते खोटं आहे. तो माझ्यामुळे फसला.

नात तेव्हा दहा वर्षांची होती. धानावर फवारलेलं औषध आपल्या हाताला लागलंय आणि ते घरच्यांच्या पोटात जाईल, या भीतीने दिवसभर हात धुवायची. बोटांना भेगा पडल्या होत्या. मग ज्याला त्याला विचारायची, "हात साफ आहेत ना?" आम्ही हो म्हणायचो. पाच मिनिटांनी पुन्हा तेच.

सून तिला दर आठवड्याला अर्जुनीहून गोंदियाला समुपदेशक बाईंकडे न्यायची. बाईंनी नातीकडूनच भीतीच्या वस्तूंची यादी करून घेतली, कमी भीतीपासून जास्तीपर्यंत. एकेका वस्तूला हात लावायचा आणि न धुता थांबायचं. भीती आपली आपण ओसरते, हे तिचं तिला कळू द्यायचं. यादीत पहिला होता माझा बांधीवर, धानाच्या शेतात, खांद्यावर न्यायचा दुपट्टा. घरच्यांना पथ्य एकच, तिच्या त्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही.

तोंडाने मी कधीच दिलं नाही. ती दुपट्टा धरून माझ्याकडे बघायची आणि मी हळूच मान हलवायचो. फवारणी मीच करायचो, म्हणून माझा होकार तिला सगळ्यांत पक्का वाटे. आणि माझ्याच फवारणीपायी ती रडवेली झालेली मला बघवत नसे.

तीन महिने गेले, नात दुपट्ट्याच्या पुढे सरकेना. "घरात कोणीतरी जवाब देत आहे, पता करा," बाई म्हणाल्या.

घरी हे कळताच मुलगा बायकोवर घसरला. "तूच लाड करून राहिली! जमत नाही त सांग."

"म्या काऊन सांगू तिले? मीच त नेऊन राहिली ना गोंदियाले!" सून माझ्याकडे वळली. "मामाजी, तुमी दिवसभर घरी असता. म्या सांगतलं का तिले कधी?"

मी दुपट्टा झटकला आणि बांधीकडे निघून गेलो.

त्या भांडणापायी उपचार वर्षभर बंद राहिला. नातीच्या बोटांतून रक्त यायचं आणि बोल सुनेला लागायचे. पुन्हा सुरू करायचं ठरवलं तेही सुनेनेच. त्या वेळी मी सोबत गेलो आणि बाईंसमोर, सगळ्यांदेखत सांगून टाकलं. नात हसली, "बाई, आबाजीले बी यादी द्या!"

बाईंनी खरंच दिली. तिच्यासमोर बसायचं, मान हलवायची नाही.

पहिल्या दिवशी ती दुपट्टा धरून बसली. "सांगा ना, आबाजी."

"नाही सांगत. तू थांब, मी बी थांबतो."

ती रडली, चिडली, मला कंजूस म्हणाली. माझी मान आखडली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "बोर होऊन राहिलं. मुरमुरे द्या." त्याच हाताने खाल्ले. पुढे शेवटच्या पायरीपर्यंत, फवारणीचा पंप ठेवतो त्या खोलीच्या दारापर्यंत, ती स्वतः पोचली. आता हात धुते ते जेवणाआधी, आपल्यासारखे.

मुलाने बायकोची माफी मागितली नाही. मी कबूल केलं त्या दिवशी गोंदियाहून परतताना गाडीत तिला खिडकीची जागा दिली, तेवढंच. आमच्या घरात पुरुष असंच करतात. मीही तेच करत आलो. म्हणून या वेळी शब्दांत लिहितो: सूनबाई, तुझी काही चूक नव्हती. त्या दिवशी तू मला विचारलंस, तेव्हा मला सगळं माहीत होतं.