तबकडीवरचे पत्र

जर्मनीतल्या त्या जुन्या गावात मी तीन वर्षे काढली आणि त्यातली निदान अडीच चिडण्यात गेली. नागपूरच्या कॉलेजातून निघालो तो कापडाच्या रंगांचे रसायनशास्त्र शिकायला. वाटले होते, जुने शहर, जुने विद्यापीठ, माणसेही तशीच पोक्त आणि समजूतदार असतील. घरमालकीण आंघोळीला फक्त शनिवारी पाणी तापवू द्यायची. रोज आंघोळ करणाऱ्याला काहीतरी रोग असला पाहिजे असे तिचे ठाम मत होते, आणि ते ती माझ्यादेखत शेजारणींना सांगायची. सहा दिवस अंगाला पाणी न लावणारी बाई मला स्वच्छता शिकवणार! कोपऱ्यावरची पाववाली रोज विचारायची, तुमच्या घरात साप कुठे झोपतो? शेवटी एक दिवस वैतागून सांगितले, मधल्या खोलीत. तिला ते खरेच वाटले, म्हणून मी आणखी चिडलो.

पण परक्यांचा राग दोन दिवसांत निवतो. आपल्या माणसाने आणलेला राग मात्र तसा निवत नाही. पुण्याचा एक विद्यार्थी तिथे तत्त्वज्ञान शिकत होता. साऱ्या गावात आम्ही दोघेच मराठी. पहिल्या भेटीत मला इतका आनंद झाला की मी त्याचे दोन्ही हात धरून म्हणालो, "मले वाटलं, इथं आपलं कोनीच भेटनार नाही."

"मले?" तो म्हणाला. "कुठले मळे? भाजीचे का?"

आणि स्वतःच्याच विनोदावर ठसका लागेपर्यंत हसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी केले काय? त्या दिवसापासून जीभ सांभाळू लागलो. 'मले'चे 'मला' केले, 'जेवून राहिलो'चे 'जेवतो आहे' केले, 'का'च्या जागी येणारे 'काहून' तर पार टाकूनच दिले. महिन्याभरात तो मला शाबासकी देऊ लागला. ती शाबासकी मी घेतली, याचीच चीड आजही येते. हे लिहितानाही 'मला'च लिहितो आहे, तेव्हा जास्त काय बोलू?

त्याच हिवाळ्यात मायचे पत्र आले. आम्ही मूळचे नागपूरजवळच्या खाप्याचे, आणि माय कधी शाळेत गेलेली नव्हती. चाळिशी ओलांडल्यावर माझ्या धाकट्या बहिणीच्या पाटीवर तिने अक्षरे गिरवली आणि जन्मातले पहिले पत्र मला लिहिले. एकेक अक्षर ज्वारीच्या दाण्याएवढे टपोरे. लिहिले होते, "बाबू, मी बरी आहो. गाय व्याली, गोऱ्हा झाला. तू काय खाऊन राहिला? तुले तिथं भाकर भेटते का? मले आता लिहता येऊन राहिलं. माह्यं लिहलेलं तुले समजते का?"

ते पत्र मी आठ दिवस कोटाच्या आतल्या खिशात घेऊन फिरलो.

विद्यापीठात ध्वनिशास्त्राचे एक प्राध्यापक होते. जगातल्या भाषा माणसांच्या तोंडून मेणाच्या तबकड्यांवर उतरवून ठेवायच्या, हा त्यांचा उद्योग. मराठी ते एका जुन्या व्याकरणावरून शिकले होते आणि "आपण कुशल आहांत काय?" असे बखरीतल्यासारखे विचारायचे. मराठीची तबकडी करायची ठरली तेव्हा त्यांनी मला बोलावले. म्हणाले, पुस्तकातले नको, घरातले काहीतरी वाचा. मी छाती फुगवून मायचे पत्र पुढे केले. खाप्याच्या बाईचे शब्द जर्मनीत जपून ठेवणार, याचा मला केवढा अभिमान वाटला!

यंत्राचा भोंगा माझ्या तोंडासमोर आणला. समोर सहा-सात विद्यार्थी, आणि त्यांच्यात तो पुण्याचाही. पायावर पाय टाकून बसला होता. तबकडी फिरू लागली. मी पत्र डोळ्यांसमोर धरले आणि वाचले, "तू काय खातो आहेस? तुला तिथे भाकरी मिळते का? मला आता लिहिता येऊ लागले आहे." डोळ्यांना 'मले' दिसत होते आणि तोंडातून 'मला' निघत होते. पुण्याच्याने मान डोलावली.

वाचन संपल्यावर प्राध्यापकांनी पत्र हातात घेतले. त्यांचे कान तिखट. बोट ठेवून विचारले, "इथे 'ले' आहे. आपण 'ला' म्हणालात. का?"

"माझी आई शिकलेली नाही," मी म्हणालो. "ते अशुद्ध आहे."

त्यांनी पेन्सिल उचलली आणि पत्राच्या कडेला जर्मनमध्ये लिहिले, सदोष.

घरी जाताना मी रस्त्यातले दगड लाथाडत होतो. कोण हा माणूस? माझ्या मायच्या पत्रावर शेरा मारणारा हा कोण? पुलापर्यंत त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. पुलावर पोचल्यावर लक्षात आले की त्याने बिचाऱ्याने फक्त लिहिले होते. सांगितले मीच होते. मग मला माझीच एवढी किळस आली की तिथेच कठड्याला धरून उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांच्या खोलीत गेलो. म्हणालो, "ते अशुद्ध नाही. आमच्याकडे सगळे असेच बोलतात. मीही असाच बोलतो. तबकडी पुन्हा करा."

"मराठीला एकच तबकडी मंजूर आहे," ते शांतपणे म्हणाले. "आणि कालचे आपण खरे मानू, की आजचे?"

त्यांनी खोडरबराने शेरा पुसला आणि पत्र तबकडीसोबतच ठेवू म्हणाले. मी इतका भडकलो होतो की त्यांच्या हातातून ते ओढून घेतले आणि बाहेर पडलो. जिना उतरल्यावर कळले, हीही चूकच झाली. पत्र तिथे राहिले असते तर पुढे कोणाला तरी कळले असते की मायने काय लिहिले होते. आता तिथे नुसता माझा 'मला' उरला. परत वर जायला तोंड नव्हते.

शिक्षण संपवून देशी परत आलो तेव्हा माय नागपूरच्या घरी माझी वाट पाहत बसली होती. पहिल्याच जेवणाला, भाकर वाढता वाढता तिने विचारले, "माह्यी चिठ्ठी भेटली होती का गा तुले?"

"भेटली ना वं. तिथल्या मोठ्या लोकांसमोर वाचली म्या."

तिचा हात थांबला. "तशीच वाचली? म्या लिहली तशी?"

"हो, तशीच."

"अन् कोनी हासलं नाही?"

"कोनीच नाही."

ती उठली, भिंतीपाशी गेली आणि पलीकडच्या बाईला हाक मारून म्हणाली, "आयकलं का वं? माह्यी चिठ्ठी तिकडच्या सायबांनी आयकली, अन् कोनी हासलं नाही!"